गोल्फच्या पिशवीत टिकणारी भेट

कॉर्पोरेट गोल्फ स्पर्धेत यजमान कंपनी ज्या वस्तू वाटते त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. सकाळी नोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाला सारखी मिळते ती टी-गिफ्ट. विजेत्यांना, तसेच ‘लाँगेस्ट ड्राइव्ह’ किंवा ‘निअरेस्ट टु द पिन’सारख्या उपस्पर्धा जिंकणाऱ्यांना मिळतात ती बक्षिसे. आणि मैदानावर जाता-येता हातात पडतात त्या किरकोळ गोष्टी : पाण्याची बाटली, टोपी, सनस्क्रीनची ट्यूब. तिन्हींवर कंपनीचे नाव असते, म्हणून खरेदी विभाग तिन्हींची एकच यादी करतो आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. या तिन्हींचे काम वेगळे, नियम वेगळे आणि खर्चाचे गणितही वेगळे.

चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब असो, येरवड्यातले पूना क्लबचे मैदान असो की सिडकोने खारघरला उभारलेले, अशा स्पर्धांचा दिवस साधारण एकाच साच्यातला असतो. बहुतेक ठिकाणी ‘शॉटगन स्टार्ट’ असतो, म्हणजे चौघाचौघांचे गट अठरा वेगवेगळ्या होलवर उभे राहतात आणि एकाच वेळी खेळ सुरू करतात. अशा रीतीने ७२ जण खेळतात. एका होलवर दोन गट ठेवले तर १४४. सगळे एकदम सुरू करणार म्हणजे सगळे नोंदणीलाही एकदमच येणार. त्या वेळी खेळाडूच्या एका हातात चहाचा कप असतो, बूट बदलायचे राहिलेले असतात आणि डोक्यात पहिला फटका घोळत असतो. अशा माणसाच्या हाती मखमली अस्तराची जड पेटी दिली, तर ती गाडीच्या डिकीत जाते आणि बऱ्याचदा तिथेच राहते. तीन चेंडूंची स्लीव्ह, मूठभर टी आणि एक बॉल मार्कर मात्र तिथल्या तिथे खिशात जातात आणि पुढचे चार-पाच तास वापरले जातात.

टी-गिफ्ट निवडताना म्हणून एकच प्रश्न आधी विचारावा : ही वस्तू पुढच्या रविवारी, कंपनीचा माणूस सोबत नसताना, खेळाडूच्या गोल्फ बॅगेत असेल का? नियमानुसार बॅगेत १४ पेक्षा जास्त क्लब ठेवता येत नाहीत आणि ते प्रत्येकाने स्वतःच्या सवयीप्रमाणे पारखून घेतलेले असतात. बूट, रेंजफाइंडर यांबाबतही गोल्फर दुसऱ्याची पसंती सहसा स्वीकारत नाही. भेटीला जागा उरते ती खर्चून संपणाऱ्या आणि छोट्या वस्तूंमध्ये.

त्यांत पहिला मान चेंडूचा. गोल्फचा चेंडू ४५.९३ ग्रॅमहून जड आणि ४२.६७ मिलिमीटरहून कमी व्यासाचा असू नये, असा नियम आहे. नियमांत बसणाऱ्या चेंडूंची यादी ब्रिटनमधील ‘द आर अँड ए’ आणि अमेरिकेतील ‘यूएसजीए’ या संस्था प्रसिद्ध करतात. त्या यादीत नसलेला स्वस्त चेंडू नाव छापून वाटला, तर तो स्पर्धेत वापरता येईलच असे नाही. ज्या स्पर्धेची भेट त्याच स्पर्धेत निरुपयोगी ठरावी, याहून ओशाळवाणे काय असणार? यादीतल्या चेंडूंतही दोन कुळे आहेत. दोन थरांच्या चेंडूचे आवरण टणक असते. तो सरळ आणि लांब जातो, टिकतो आणि स्वस्त पडतो. तीन किंवा अधिक थरांच्या चेंडूवर बहुधा मऊ युरेथेनचे आवरण असते; हिरवळीजवळच्या छोट्या फटक्यांत तो चांगली फिरकी घेतो. २००० साली आलेल्या टायटलिस्ट प्रो व्ही१ ने हा दुसरा प्रकार लोकप्रिय केला. त्याची किंमत पहिल्याच्या दुपटीहून अधिक असू शकते.

इथे बहुतेक कंपन्या संख्येच्या मोहात पडतात. त्याच पैशात डझनभर साध्या चेंडूंची मोठी पेटी येते आणि ती टेबलावर भरगच्च दिसते. पण मुरलेला खेळाडू ती पेटी कॅडीला देऊन टाकतो आणि आपलाच चेंडू खेळतो. त्याला नामांकित बनावटीचे तीन चेंडू द्यावेत. पाहुण्यांत नवशिके जास्त असतील तर हिशेब उलटा. त्यांचे चेंडू झाडीत आणि तळ्यात भराभर जातात, तेव्हा साधे पण भरपूर चेंडूच त्यांच्या उपयोगाचे. तळ्यात गेलेल्या चेंडूबरोबर कंपनीचे नावही बुडाले, असे समजून हळहळण्याचे कारण नाही. असे चेंडू बाहेर काढून पुन्हा विकले जातात, आणि नाव भलत्याच माणसाच्या खिशातून मैदानभर फिरत राहते.

चेंडूवर छपाई होते ती पॅड प्रिंटिंगने. मऊ सिलिकॉनच्या गादीवर शाई उचलून ती गोल पृष्ठभागावर दाबतात. चेंडूवर तीनशे-चारशे खळगे असतात आणि छपाईची जागा जेमतेम वीस-बावीस मिलिमीटर. बारीक रेघा खळग्यांवर तुटतात, रंगांच्या छटा एकमेकींत मिसळतात आणि चिन्हाखालचे ब्रीदवाक्य वाचताच येत नाही. त्यासाठी चिन्हाची एक-दोन रंगांतली, मजकूर वगळलेली आवृत्ती वेगळी करून घ्यावी लागते. बनावटीच्या नावाशेजारची रेघ अनेक जण पटिंग करताना नेम धरायला वापरतात, तीही झाकली जाऊ नये.

कपड्यांचे प्रकरण अवघड. क्लबांत कॉलरचा शर्ट लागतो, म्हणून पोलो टी-शर्ट ही सोयीची भेट वाटते. तिरुपूरच्या कारखान्यांतून तो हवा तसा बनूनही मिळतो. मात्र माप आधी विचारले नसेल, तर निम्मे शर्ट घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या अंगावर जातात. नोंदणीच्या अर्जात मापाचा एक रकाना ठेवला की हा प्रश्न मिटतो. स्त्री खेळाडूंसाठी पुरुषी शर्टाचे लहान माप काढणे हा उपाय नव्हे. त्यांचा बेत वेगळा असतो. ग्लोव्हचेही तसेच. उजव्या हाताचा खेळाडू तो डाव्या हातात घालतो, डावखुरा उजव्या, आणि मापे अर्ध्या बोटाच्या फरकाने बदलतात. शर्टावरची अक्षरे पाच मिलिमीटरहून लहान असतील तर भरतकामात ती गिचमिड होतात.

टोपी मात्र निर्धोक. मागे पट्टी असली की ती सगळ्यांना बसते, आणि उन्हात लागतेच. टॉवेल, हिरवळीवर चेंडू पडून झालेला खड्डा नीट करायचे छोटे दुतोंडी हत्यार आणि चुंबकाने टोपीला चिकटणारा मार्कर यांची किंमत थोडी, आयुष्य मोठे. गोल्फची मोठी छत्री आपल्याकडे पावसापेक्षा उन्हासाठी जास्त उघडली जाते, म्हणून जानेवारीतल्या स्पर्धेतही ती शोभते. फक्त ती खेळाआधी द्यावी.

या सगळ्यांवर नाव किती मोठे असावे, यावरून जाहिरात विभाग आणि खेळाडू यांच्यात नेहमी न बोललेले भांडण असते. छातीभर पसरलेले चिन्ह स्पर्धेच्या सामूहिक छायाचित्रात उठून दिसते, आणि तो शर्ट पुन्हा कुणी घालत नाही. बाहीवर किंवा कॉलरमागे शर्टाच्याच रंगात भरलेले छोटे चिन्ह वर्षानुवर्षे मैदानावर जाते. प्रायोजक आठ-नऊ असतील तर त्यांची नावे होलजवळच्या फलकांवर लावावीत, कपड्यावर एकच ठेवावे. स्पर्धेची तारीखही चषकापुरतीच बरी. टोपीवर तारीख आली की उरलेल्या टोप्या दुसऱ्या दिवशी शिळ्या होतात.

बक्षिसांच्या बाबतीत आवडीपेक्षा नियम आधी येतात. १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या हौशी खेळाडूंच्या नियमांनुसार बक्षिसाची मर्यादा ७०० पौंड किंवा १,००० अमेरिकी डॉलर आहे. हँडिकॅप, म्हणजे खेळाडूच्या कौशल्यानुसार मिळणारी फटक्यांची सवलत, धरून खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेत रोख बक्षीस चालत नाही, आणि कॉर्पोरेट स्पर्धा बहुतेक हँडिकॅपच्याच असतात. मर्यादेबाहेरचे किंवा रोख बक्षीस घेतले तर खेळाडूचा हौशी दर्जा जाऊ शकतो. म्हणजे औदार्य यजमानाचे आणि भुर्दंड पाहुण्याला. केवळ लांब फटक्याच्या किंवा केवळ पटिंगच्या स्वतंत्र स्पर्धांना ही मर्यादा लागत नाही. होल-इन-वनच्या बक्षिसालाही २०१२ पासून सूट आहे, म्हणूनच एखाद्या पार-३ होलशेजारी नवी कोरी मोटार उभी दिसते. ती मोटार कंपनीने विकत घेतलेली असेलच असे नाही. अशा बक्षिसाचा विमा उतरवता येतो. होलची लांबी, खेळाडूंची संख्या आणि साक्षीदारांची हजेरी यांवर त्याचा हप्ता आणि अटी ठरतात. टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, ठरल्यापेक्षा काही पावले पुढे सरकवली तरी दावा अडकू शकतो.

भेट घेणारा कोण, हेही पाहावे लागते. औषध कंपन्यांसाठी २०२४ मध्ये आलेल्या विपणन संहितेप्रमाणे डॉक्टरांना किंवा त्यांच्या कुटुंबीयांना वैयक्तिक लाभाची भेट देता येत नाही. सरकारी अधिकाऱ्यांना त्यांच्या सेवानियमांची बंधने असतात. अनेक बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना तर ठरावीक रकमेपुढची प्रत्येक भेट कार्यालयात कळवावी लागते. अशा पाहुण्यांसाठी टी-गिफ्ट माफक ठेवणे हाच सभ्यपणा. करांचे दोन मुद्दे लेखा विभागाला आधी सांगावेत. व्यावसायिक संबंधातून एखाद्या निवासी व्यक्तीला वर्षभरात २०,००० रुपयांहून अधिक लाभ दिला, तर १ जुलै २०२२ पासून देणाऱ्याला त्यावर १० टक्के कर कापून भरावा लागतो. आणि भेट म्हणून दिलेल्या मालावर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो करही भेटीच्या किमतीतच धरायचा.

या वस्तू ज्या पिशवीतून द्यायच्या ती महाराष्ट्रात विचारपूर्वक घ्यावी. कापडासारखी दिसणारी नॉन-वोव्हन पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते आणि २०१८ च्या प्लास्टिकबंदीत ती आली होती. त्यापेक्षा बुटांची जाड कापडी पिशवी शिवून घ्यावी आणि बाकीच्या वस्तू तिच्यातच घालाव्यात. वेष्टन हीच भेट होते. बाहेरगावचे पाहुणे असतील तर पॉवर बँक टाळलेली बरी. विमानात ती चेक-इन सामानात टाकता येत नाही, आणि गोल्फ बॅग तर चेक-इन सामानातच जाते.

ऑर्डर दीड-दोन महिने आधी गेली पाहिजे. मुंबई-पुण्यातला हंगाम पाऊस सरल्यावर सुरू होतो, आणि तेव्हाच भेटवस्तूंचे सगळे छपाईवाले दिवाळीच्या कामात बुडालेले असतात. एक नमुना छापून, धुऊन, उन्हात ठेवून पाहिल्याशिवाय पूर्ण संख्येला होकार देऊ नये. संख्या धरताना खेळाडूंच्या यादीत दहा टक्के वाढवावेत, कारण आयत्या वेळी कुणीतरी मित्राला घेऊन येतोच. कॅडींची संख्याही त्यात धरावी. ऊन चढेपर्यंत दुसऱ्याची बॅग वाहणाऱ्या माणसाला तीच टोपी आणि तीच पाण्याची बाटली मिळायला हवी, आणि ती खेळ सुरू होण्याआधी.