पात्यावरील गंज आणि घरातील जयणा

चातुर्मासाचे दिवस हे दमट हवेचे दिवस. या काळात स्वयंपाकघरातील विळी, सुपारीचा अडकित्ता आणि कापडाच्या पेढीवरील कात्री यांवर तांबूस डाग उमटू लागतात. गंजलेल्या कात्रीने पांढऱ्या कापडावर सहजासहजी न निघणारा डाग पडतो. बोथट विळीवर अधिक जोर द्यावा लागतो आणि हात निसटून बोट कापते. मग पिढ्यान्‌पिढ्या चाललेले पोलादी पाते मोडीत जाते. वास्तविक, त्याला बहुधा तासाभराची निगाच पुरेशी असते.

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने गंज तयार होतो. तो सच्छिद्र असल्याने ओलावा धरून ठेवतो आणि आतील धातू पोखरत जातो. म्हणूनच पुसट डाग दिसताच उपाय करणे श्रेयस्कर. खोल खड्डे पडल्यावर पाते पूर्ववत होत नाही.

गंजावर कापलेला बटाटा चोळावा, असे सर्रास सांगितले जाते. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घराला त्याची मुळीच आवश्यकता नाही. लिंबातील सायट्रिक आणि चिंचेतील टार्टारिक आम्ल हे काम उत्तम करते. पर्वतिथीला हिरवे वर्ज्य असेल, तर सुकी चिंच किंवा आमसूल वापरावे.

प्रारंभ मात्र निरीक्षणाने करावा. विळीच्या सांध्यात अन्नकण अडकतात व तेथे मुंग्या येतात; मऊ कुंचल्याने त्यांना अलगद दूर करावे. नंतर थोड्या गाळलेल्या पाण्यात चिंचेचा दाट कोळ करून तो गंजावर लावावा आणि अर्ध्या तासाने जाड कापडाने पुसावा. कापड नेहमी पात्याच्या पाठीकडून धारेकडे न्यावे, धारेवरून आडवे फिरवू नये. उरलेल्या डागांवर चाळलेली राख किंवा खाण्याचा सोडा ओलसर करून चोळावा. राखेच्या बारीक कणांनी झिलई येते, तर सोड्याने आम्लाचा उरलेला अंश निष्प्रभ होतो. मीठ चोळल्यास डाग लवकर निघतात. परंतु त्याचा कण मागे राहिल्यास गंज अधिक वेगाने परततो. आंबट पाणी ओल्या मातीत वा मुंग्यांच्या वाटेवर न टाकता कोरड्या, निर्जंतुक जागी टाकावे.

पाते धुऊन लगेच कोरडे करावे. वाळवण्यासाठी ते आचेवर धरू नये. त्याने पोलादाचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. शेवटी खोबरेल तेलाचा पुसट हात फिरवावा. दुकानातील कात्रीला तेल लावल्यावर ती कोऱ्या चिंधीने पुसूनच कापडाला लावावी.

व्यापारी कुटुंबांनी एक सावधगिरी अवश्य बाळगावी. हा उपाय तराजूच्या लोखंडी वजनांवर करू नये. गंज घासला की वजन घटते आणि ग्राहकाला माप कमी जाते. हीनाधिक मानोन्मान हा अचौर्याणुव्रताचा अतिचार आहे. तो नकळतही घडू नये. गंजलेली वजने वैधमापन कार्यालयाकडून तपासून घ्यावीत अथवा बदलावीत.

जे आहे ते सांभाळून वापरले, तर नव्याची हाव आपोआप कमी होते. प्रत्येक वापरानंतर पाते कोरडे पुसून ठेवण्याची सवय लागली, की गंज काढण्याची वेळही क्वचितच येते.