पत्ता बदललेले गाव : डोंगरकडा

नांदेडहून अर्धापूरमार्गे हिंगोलीकडे निघाले की वारंगा फाट्याच्या अलीकडे आमचे डोंगरकडा लागते. नावात डोंगर आहे आणि कडाही. पण सह्याद्रीचे सुळके मनात धरून येणाऱ्याची निराशाच होईल. हा दख्खनच्या पठाराचा मुलूख. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचे हे माळ आणि या टेकड्या. तोच काळा पाषाण झिजून सखल भागात कसदार काळी माती झाली. म्हणून वर मुरूम आणि खाली ऊस, केळी, हळद.

गाव जागचे हलले नाही. पत्ता मात्र बदलत गेला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल, १९५६ साली मुंबई राज्य, १९६० साली महाराष्ट्र. जिल्हा परभणी होता, तो १ मे १९९९ पासून हिंगोली झाला. तालुका तेवढा कळमनुरी राहिला.

हे सारे सरकारी दप्तरात सापडते. परंतु रझाकारांच्या दिवसांत रात्री कोण जागत होते, १९७२ च्या दुष्काळात कोणत्या विहिरीने गाव जगवले, हे दप्तरात नाही. ते म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. १९४८ साली दहा वर्षांचे असलेले पोर आज नव्वदीला टेकले आहे. आपण वर्गात दूरदूरच्या राजघराण्यांच्या सनावळ्या पाठ करतो, आणि आपल्याच पारावरचा इतिहास रोज थोडाथोडा मिटत जातो. येत्या दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन पारावर बसणार आहे. मित्रहो, आपापल्या गावी आपणही बसावे, एवढीच विनंती.