चारदा पडलेल्या मठातली फरशी

१९४४ सालचा एक फोटो आहे. डोंगरमाथ्यावर नुसता दगडांचा ढिगारा. इटलीतल्या त्याच माथ्यावर आज मोंते कॅसिनोचा बेनेडिक्टाइन मठ पांढराशुभ्र, सलग उभा आहे. हे सगळं सांभाळतं तरी कोण, ते बघायला मी गेलो.

ओळीने तीन चौक, मधल्या चौकात विहीर, मग रुंद पायऱ्या, आणि वर बॅसिलिका. आत रंगीत संगमरवरी फरशीवर एक कारागीर गुडघे टेकून बसला होता. कान खाली नेऊन तो बोटाच्या पेराने एकेक तुकडा ठोकत होता. आवाज भरीव आला की पुढे. पोकळ आला की खडूची खूण. मग तो तुकडा पात्याने अलगद उचलायचा, खालचा जुना चुना खरवडायचा, नवा भरून पुन्हा बसवायचा. सोन्याचा मुलामा, रंगवलेला घुमट बाजूला राहिले. मला ओल्या चुन्याचा वास तिथून हलू देईना.

“चारदा पडलाय हा,” तो दुभाष्यामार्फत म्हणाला. संत बेनेडिक्टने ५२९च्या सुमारास मठ स्थापला. सहाव्या शतकात लोम्बार्डांनी तो उद्ध्वस्त केला, ८८३मध्ये अरब हल्लेखोरांनी जाळला, १३४९मध्ये भूकंपात कोसळला. चौथ्यांदा, १५ फेब्रुवारी १९४४ रोजी, दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी. त्या दिवशी आत जर्मन फौज नव्हती. होते मोजके भिक्षू आणि आश्रयाला आलेले गावकरी. जर्मन शिरले ते नंतर, ढिगाऱ्याच्या आडोशाला. ही बॉम्बफेक मला कुठल्याच हिशेबाने पटत नाही. या माथ्यासाठीची लढाई पुढे चालूच राहिली; मे महिन्यात खालच्या गारी नदीपाशी लढलेल्या आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटणही होती. आपलीही माणसं या डोंगराखाली झुंजली.

युद्धानंतर मठ होता तसा, होता तिथेच उभारायचा असं ठरलं. १९६४मध्ये पोप सहावे पॉल यांच्या हस्ते बॅसिलिकेचं पुन्हा अभिषेचन झालं. याला नक्कल म्हणणारे आहेत. त्यांनी या माणसाशेजारी तासभर बसावं. मठाधिपती देसिदेरियुसच्या काळातल्या, १०७१च्या चर्चमधल्या फरशीचे अवशेष बॉम्बफेकीनंतर उघडे पडले. तीही कुणीतरी अशीच तुकडा तुकडा जडवली होती.

“चारदा,” तो परत म्हणाला. मग ओल्या चुन्याभोवती दोरी ताणत त्याने मला बजावलं: उद्या सकाळपर्यंत इथे पाय ठेवायचा नाही.