पहिले सत्र : महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर

बारावीचा निकाल लागला की गावोगावी आनंदाचे वातावरण असते. पेढे वाटले जातात, ग्रामपंचायतीच्या वतीने गुणवंतांचा सत्कार होतो, शाल व श्रीफळ दिले जाते. जून-जुलैत ही मुले तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या महाविद्यालयात दाखल होतात. त्यांच्यापैकी काहीजण मात्र दिवाळीच्या सुटीला घरी येतात ते परत जातच नाहीत. त्यांच्या परतण्याचा समारंभ होत नाही. म्हणून त्याची नोंदही कोणी घेत नाही.

कामानिमित्त एका गावी गेलो असता असाच एक तरुण भेटला. बारावीला उत्तम गुण मिळविणारा हा विद्यार्थी पहिल्या सत्रातच महाविद्यालय सोडून शेतीवर परतला होता. “अभ्यास अवघड नव्हता साहेब, पण तिथं काय चाललंय, हेच दोन महिने कळलं नाही,” असे तो म्हणाला. त्याच्या या एका वाक्यात प्रश्नाचे मर्म आले आहे.

राज्यातील पहिले विद्यापीठ १८५७ मध्ये मुंबईस स्थापन झाले. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ सुरू झाले. दीडशे वर्षांत उच्च शिक्षण आदिवासी भागापर्यंत पोचले. परंतु ज्या घरातून प्रथमच कोणी महाविद्यालयात जात आहे, तेथील मुलाला वर्गात स्थिर करण्याचे काम अद्याप पुष्कळ बाकी आहे.

श्रेयांकांचा हिशेब

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० अन्वये पदवी शिक्षणाची रचना बदलली आहे. राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून व संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ती लागू झाली. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले वैकल्पिक विषय, कौशल्य विषय अशी तिची विभागणी असून प्रत्येक विषयाला ‘श्रेयांक’ असतात. व्याख्यानाच्या विषयात एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात १५ तासांचे अध्यापन. एका सत्रात साधारणतः २० ते २२ श्रेयांक मिळवावयाचे असतात.

राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका श्रेयांकासाठी एकूण ३० तासांचे अध्ययन अपेक्षित आहे. म्हणजे २० श्रेयांकांना ६०० तास झाले. यांतील निम्मे तास वर्गात जात असतील, तर उरलेले निम्मे ग्रंथालयात, प्रकल्पात व स्वतःच्या वाचनात जावयास हवेत. पंधरा आठवड्यांत विभागले असता आठवड्याला ४० तास होतात. शाळेत तास संपला की अभ्यास संपला, असे मानणाऱ्या विद्यार्थ्याला हा हिशेब आधी कोणीतरी समजावून सांगणे अगत्याचे आहे. अंतर्गत मूल्यमापन सत्र चालू असतानाच होत असल्याने परीक्षेच्या आधी महिनाभर जागून सर्व भरून काढण्याचा जुना मार्गही आता बंद झाला आहे.

पहिल्या वर्षाचे किमान ४० श्रेयांक आणि जोडीला ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा कार्यानुभव पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र मिळण्याची तरतूद आहे. मिळविलेले श्रेयांक २०२१ मध्ये सुरू झालेल्या श्रेयांक पेढीत जमा राहतात व पुढे शिक्षण चालू करताना उपयोगी पडतात. परंतु सत्राच्या मध्यावरच जो निघून जातो, त्याच्या हाती शुल्काच्या पावतीखेरीज काही उरत नाही. पहिल्या सत्राचे महत्त्व आहे ते यामुळे.

भाषेची पायरी

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची, विशेषतः विज्ञान व वाणिज्य शाखेत, पहिली अडचण भाषेची असते. विषय त्याला परिचित असतो. शब्द अपरिचित असतात. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने अनेक विषयांचे परिभाषा कोश तयार केले असून ते संगणकावर व मोबाइलवरही पाहता येतात. रोज दहा शब्द वहीत उतरवून घेतले, तर पंधरा आठवड्यांत हजारावर शब्दांची शिदोरी जमते. कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकांनी मे-जूनच्या सुटीतच हा परिपाठ सुरू करून द्यावा.

कागदपत्रे आणि आर्थिक साहाय्य

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार अशा योजना उपलब्ध आहेत. यांतील शिष्यवृत्तींचे बहुतेक अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावयाचे असतात. अर्ज अडतो तो बहुधा कागदासाठी. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते ही सिद्धता निकालापूर्वीच करून ठेवावी. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित दाखले ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. संबंधित अधिकाऱ्यांनी या दिवसांत अशा अर्जांना अग्रक्रम दिल्यास एखाद्याचे वर्ष वाचू शकेल.

स्वतःच्या श्रमावर शिकण्याची परंपरा या राज्याला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ हा मंत्र दिला. आजही अनेक महाविद्यालयांत व विद्यापीठांत या नावाची योजना चालते. प्रवेश घेतानाच तिची चौकशी करावी.

पहिले चार आठवडे

नवागतांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ हा परिचय कार्यक्रम सुचविला. तो चुकवू नये. वेळापत्रक, अभ्यासक्रमाची प्रत, ग्रंथालयाचे ओळखपत्र व मार्गदर्शक प्राध्यापकांची भेट ही चार कामे पहिल्या आठवड्यात उरकावीत. शंका विचारण्यात कमीपणा नाही, हे मुलांच्या मनावर वारंवार बिंबवावे. रॅगिंगला राज्यात १९९९ च्या अधिनियमान्वये बंदी आहे. तसा प्रकार घडल्यास मुकाट्याने सोसू नये, प्राचार्यांकडे तक्रार करावी.

गावाचे कर्तव्य

यासाठी फार मोठा निधी लागत नाही. सत्काराच्या दिवशीच गावातील पदवीधर व महाविद्यालयीन विद्यार्थी यांची नव्या मुलांशी दोन तास भेट घडवावी. ग्रामपंचायतीने बाहेर शिकणाऱ्या मुलामुलींची यादी ठेवावी आणि महिन्यातून एकदा त्यांची विचारपूस करावी. मुलगी शिकत असेल, तर एसटीच्या वेळा तासिकांशी जुळतात की नाही हे पाहावे व नसल्यास आगाराकडे पाठपुरावा करावा.

सत्काराची शाल एका दिवसाची असते. दिवाळीला घरी आलेल्या मुलाला “अभ्यास कसा चालला आहे?” असे जिव्हाळ्याने विचारणारे एखादे माणूस गावात असले, तर सुटी संपताच तो परतीच्या एसटीत निश्चित बसेल.