सल्ला मागणारे प्रौढ सारखे नसतात : गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्यवसायाविषयी सल्ला मागण्याची वेळ नागपुरातील प्रौढांवर अनेक कारणांनी येते. 1877 मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल बंद पडल्यावर कामगारांपुढे उभा राहिलेला प्रश्न, मिहानमधील माहिती तंत्रज्ञानाच्या नोकरीत मन न रमणाऱ्याचा प्रश्न आणि अभ्यासिकेत तिशी ओलांडलेल्या स्पर्धा परीक्षार्थीचा प्रश्न वरवर एकच, म्हणजे ‘आता काय करावे’ असा दिसतो. परंतु या प्रश्नामागील मनोवस्था परस्परांहून भिन्न असतात आणि ही भिन्नता लक्षात न घेतल्यानेच पुढील गैरसमज टिकून आहेत.

गैरसमज 1 : करिअर समुपदेशन दहावी-बारावीच्या मुलांसाठीच असते.

वस्तुस्थिती : राज्य शिक्षण मंडळाने 2016 मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कलचाचणी सुरू केली, त्यामुळे हा विषय शाळेशी जोडला जाणे स्वाभाविक आहे. तथापि अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सुपर यांनी व्यवसायनिवड हा एकदाच घ्यायचा निर्णय नसून आयुष्यभर चालणारा विकास असल्याचे मांडले. शोध, स्थिरावणे, टिकवणे हे टप्पे क्रमाने येत असले, तरी नोकरी सुटली वा बदलली की प्रौढ व्यक्ती पुन्हा शोधाच्या टप्प्यावर येऊ शकते. मात्र विद्यार्थ्यापेक्षा तिच्या खांद्यावर कर्जाचे हप्ते, मुलांचे शिक्षण आणि आधीच्या कामातून घडलेली स्वतःची ओळख यांचा भार अधिक असतो.

गैरसमज 2 : निर्णय होत नाही, याचा अर्थ माहिती अपुरी आहे.

वस्तुस्थिती : मानसशास्त्रात ‘अनिर्णय’ आणि ‘अनिर्णायकता’ यांत भेद केला जातो. अनिर्णय हा विशिष्ट प्रसंगापुरता असतो व योग्य माहिती मिळाल्यावर बहुधा सुटतो. अनिर्णायकता हा मात्र बहुतेक निर्णयांत आढळणारा, चिंतेशी निगडित असा स्थायी कल असून अशा व्यक्तीपुढे पर्यायांची यादी वाढवल्यास तिची कोंडीही वाढू शकते. इतामार गाती व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये निर्णयातील अडचणींचे तीन गट केले : निर्णयासाठी मनाची तयारी नसणे, माहिती नसणे आणि हाती असलेली माहिती परस्परविरोधी असणे. स्वतःची आवड एकीकडे आणि घरच्यांची अपेक्षा दुसरीकडे, हा आपल्याकडील नेहमीचा पेच तिसऱ्या गटात मोडतो, आणि तो माहितीपुस्तिका वाचून सुटत नाही.

गैरसमज 3 : चाचणी दिली की योग्य व्यवसायाचे नाव कळते.

वस्तुस्थिती : जॉन हॉलंड यांनी 1959 पासून विकसित केलेल्या सिद्धांतात अभिरुचीचे सहा प्रकार आहेत : वास्तववादी, संशोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी आणि रूढीबद्ध. बहुतेक व्यक्तींमध्ये या प्रकारांचे मिश्रण असते आणि अशी चाचणी केवळ आवड मोजते. क्षमता, आर्थिक जबाबदारी किंवा शहरात उपलब्ध असलेल्या संधी ती मोजत नाही. त्यामुळे चाचणीचा निष्कर्ष हा संभाषणाचा आरंभ ठरतो, अंतिम निकाल नव्हे.

गैरसमज 4 : आत्मविश्वास हा उपजत गुण आहे, ज्याच्याकडे नाही, त्याने मोठा बदल करू नये.

वस्तुस्थिती : आल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये ‘स्व-सामर्थ्य विश्वास’ ही संकल्पना मांडली. एखादे विशिष्ट काम आपण पार पाडू शकतो, असा विश्वास म्हणजे स्व-सामर्थ्य विश्वास, आणि तो प्रामुख्याने स्वतःच्या यशाच्या अनुभवातून, तसेच आपल्यासारख्या इतरांना यशस्वी झालेले पाहून, इतरांच्या प्रोत्साहनातून व स्वतःच्या शारीरिक-भावनिक स्थितीतून घडतो. मुलांच्या संगोपनासाठी काही वर्षे नोकरीपासून दूर राहिलेल्या स्त्रीला म्हणूनच धीराच्या शब्दांपेक्षा अल्प मुदतीच्या, पूर्ण करता येण्याजोग्या कामाचा उपयोग अधिक होतो.

गैरसमज 5 : बेकाराची उदासी हा त्याच्या स्वभावाचा दोष आहे.

वस्तुस्थिती : कार्स्टन पॉल व क्लाउस मोझर यांनी 2009 मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा मानसिक त्रासाचे प्रमाण बेकारांमध्ये सरासरी 34 टक्के, तर नोकरदारांमध्ये 16 टक्के आढळले, शिवाय बेकारीमुळेही हा त्रास वाढतो, असे त्यातून दिसून आले. त्रास तीव्र असल्यास व्यवसायनिवडीच्या आधी किंवा तिच्याबरोबर मानसोपचाराची मदत आवश्यक ठरते.

म्हणूनच ‘कोणते क्षेत्र निवडावे’ या प्रश्नाच्या आधी ‘नेमके अडते कुठे’ हे शोधावे लागते. खुल्या प्रवर्गासाठी असलेली 38 वर्षांची कमाल वयोमर्यादा जवळ आलेला राज्यसेवेचा उमेदवार कदाचित पर्याय जाणूनही आजवरच्या वर्षांवर पाणी सोडायला तयार नसतो. त्याला पर्यायांची नवी यादी देणे म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे होय.