दृष्टिहीन विद्यार्थी आणि महाविद्यालयाचे ग्रंथालय

महाराष्ट्रातील उच्च शिक्षणात ख्रिस्ती संस्थांनी स्थापन केलेल्या महाविद्यालयांची परंपरा दीर्घ आहे. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाचा आरंभ १८३२ साली निघालेल्या शाळेपासून मानला जातो. सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ मध्ये, नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये आणि अहमदनगर महाविद्यालय १९४७ मध्ये स्थापन झाले. संविधानाच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला असला, तरी या महाविद्यालयांत सर्व धर्मांचे विद्यार्थी शिकत आले आहेत. वर्गातील व्याख्यानाइतकेच वसतिगृह, ग्रंथालय व प्रत्येक विद्यार्थ्याकडे वैयक्तिक लक्ष यांना येथे महत्त्व दिले गेले, हे या परंपरेचे वैशिष्ट्य होय.

सेंट झेवियर्सचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी १९०६ मध्ये सुरू केलेला वनस्पतिसंग्रह आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पश्चिम भारतातील वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांस त्याचा आधार घ्यावाच लागतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी फादर हेन्री हेरास यांनी १९२६ मध्ये संशोधन संस्था उभारली. अशी साधने फार थोड्या महाविद्यालयांच्या वाट्याला येतात. परंतु साधने कितीही समृद्ध असली, तरी ज्याला छापील अक्षर दिसत नाही त्या विद्यार्थ्याला त्यांचा उपयोग काय, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचा विचार करून सेंट झेवियर्समध्ये २००३ साली दृष्टिहीनांसाठी साधनकेंद्र सुरू करण्यात आले. तोपर्यंत दृष्टिहीन विद्यार्थ्याचा अभ्यास बहुधा मित्रांच्या सवडीवर चाले. कोणी धडा वाचून दाखवी, कोणी ध्वनिफितीवर उतरवून देई. परीक्षा तोंडावर आली की वाचून दाखवणारेही आपापल्या अभ्यासात गुंतत आणि नेमकी त्याच वेळी मदत आटे. संगणकाने ही स्थिती बदलली. पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखवणारी प्रणाली, म्हणजे स्क्रीन रीडर, हाताशी आल्यावर विद्यार्थी स्वतःच्या गतीने वाचू शकतो, मागे जाऊ शकतो, टिपणे काढू शकतो.

मात्र ही प्रणाली अक्षरे वाचते, चित्रे वाचत नाही. पुस्तकाचे पान स्कॅन केले की संगणकाच्या दृष्टीने ते केवळ छायाचित्र असते. त्यातील अक्षरे ओळखण्याची क्रिया निराळी करावी लागते आणि नंतर चुका माणसाने तपासाव्या लागतात. इंग्रजीच्या मानाने देवनागरीत हे काम अधिक चिकाटीचे आहे. जोडाक्षरे, मात्रा, पुसट छपाई यांमुळे शब्द बिघडतात. तक्ते, आलेख, गणिती सूत्रे यांचे वर्णन तर शब्दांतच लिहावे लागते. एक पाठ्यपुस्तक वाचनयोग्य करणे म्हणजे बऱ्याच दिवसांचे श्रम होत. ते सत्र सुरू होण्यापूर्वी झाले तरच विद्यार्थी वर्गाबरोबर राहतो.

कायद्याचाही अडसर होता. प्रकाशकाच्या परवानगीवाचून अशी प्रत तयार करणे स्वामित्वहक्काचा भंग ठरण्याची भीती असे. स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने हा अडसर दूर झाला. दिव्यांग व्यक्तीच्या खाजगी वापरासाठी व अभ्यासासाठी वाचनसुलभ प्रत कोणालाही काढता येते. संस्थेने ती नफ्याविना, फक्त निर्मितीखर्च घेऊन द्यावयाची असते, आणि प्रत केवळ दिव्यांग व्यक्तींच्याच वापरात राहील याची दक्षता घ्यावयाची असते. पुढे २०१३ मध्ये मराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१४ मध्ये त्यास अनुसमर्थन देणारा पहिला देश भारत होता. ३० सप्टेंबर २०१६ पासून तो अमलात आला. तथापि, ही तरतूद माहीत नसल्याने आजही अनेक ठिकाणी ‘परवानगी नाही’ एवढ्यावर विषय संपवला जातो, हे खेदजनक आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व, असलेल्यांसाठी राखीव ठेवावयाच्या आहेत. वरच्या वयोमर्यादेत त्यांना पाच वर्षांची सवलतही आहे. लेखनिकाच्या साहाय्याने लिहिणाऱ्या परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटे अधिक द्यावीत, असे केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस याप्रमाणे एक तास वाढतो.

या सर्व सवलतींची किल्ली दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ही आहे. गावातील मुलगा किंवा मुलगी दहावीत असतानाच ते काढून ठेवणे इष्ट, कारण प्रवेशाच्या घाईत वैद्यकीय तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा घालाव्या लागल्या तर प्रवेशाची मुदत टळू शकते. ग्रामपंचायत सदस्यांना यात प्रत्यक्ष साहाय्य करता येईल.

शिक्षकांच्या हाती असलेली गोष्ट याहून सोपी आहे. टिपणे यूनिकोडमध्ये टंकलिखित केली की स्क्रीन रीडर ती लगेच वाचतो. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये केलेले टंकलेखन डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते, पण त्याच प्रणालीतून ऐकताना निरर्थक अक्षरांची माळ कानी पडते. कार्यालयांची परिपत्रकेही पुष्कळदा सही-शिक्क्यानिशी स्कॅन करून पाठवली जातात. अशा परिपत्रकासोबत मूळ टंकलिखित प्रतही पाठविल्यास दृष्टिहीन विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीची शेवटची तारीख दुसऱ्या कोणाला विचारावी लागत नाही.