वसतिगृहातील नेतृत्व : पाळी, हिशेब आणि जिव्हाळा

दहावी-बारावीचे निकाल लागले की बेळगाव आणि परिसरातून दरवर्षी कितीतरी मुले-मुली पुढील शिक्षणासाठी बाहेर पडतात. कोणी कोल्हापूर-सांगलीला जाते, कोणी पुण्याला, तर कोणी धारवाड, हुबळी, बंगळूरला. प्रवेश कोठे मिळाला, फी किती, कोणती शाखा घेतली याची चर्चा घरोघरी होते. परंतु मूल राहणार कोठे आणि कोणाबरोबर, याची चौकशी बहुधा ‘खोलीत पंखा आहे ना? जेवण बरे आहे ना?’ एवढ्यावरच थांबते. वास्तविक महाविद्यालयात मूल दिवसाचे पाच-सहा तास असते. उरलेला सारा वेळ ते वसतिगृहात काढते. तेथील वातावरण चांगले असेल तर बेताच्या गुणांचे मूलही उभे राहते. ते बिघडलेले असेल तर हुशार मूलसुद्धा पहिल्या सहामाहीतच बॅग भरून घरी परतते. म्हणूनच चांगले वसतिगृह कशामुळे चालते आणि तेथे नेतृत्व म्हणजे नेमके काय असते, हे विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त या सर्वांसमोर मांडावे असे आम्हांस वाटले.

मॉनिटर आणि सेक्रेटरी

नेतृत्वाची आपली पहिली ओळख होते ती वर्गाच्या मॉनिटरपासून. बाई वर्गाबाहेर गेल्या की तो बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहितो. वर्ग त्याचे ऐकतो, कारण त्याच्या पाठीशी बाई असतात. वसतिगृहात ही सोय नसते. तेथे रेक्टर किंवा वॉर्डन असतात, नियमांची पाटी असते, रात्रीची हजेरी असते. पण रात्री अकरा वाजता नळाला पाणी नसते, शेजारच्या खोलीत मोठ्याने गाणी लागलेली असतात आणि एखाद्याला ताप चढलेला असतो, तेव्हा जे काही करायचे ते मुलांनीच करायचे असते. अशा वेळी विद्यार्थी प्रतिनिधीच्या हाती फळाही नसतो आणि खडूही नसतो. साठ मुलांचा विश्वास हेच त्याचे भांडवल असते. तो नसेल तर त्याचे पद नावापुरतेच.

हा विश्वास भाषणांनी मिळत नाही, रोजच्या कामांतून मिळतो. मोटार बिघडली तर वायरमनला फोन कोणी करायचा, वर्तमानपत्राचे बिल कोणी भरायचे, आजारी मुलाबरोबर दवाखान्यात कोणी जायचे, ही कामे ठरलेली आणि वाटून दिलेली असली की वसतिगृह सुरळीत चालते. सगळी कामे एकटाच ओढतो तो प्रतिनिधी प्रामाणिक असला तरी चांगला नेता नव्हे, कारण परीक्षेच्या वेळी तो खोलीचे दार लावून बसला की सारेच ठप्प होते. गाव करी ते राव काय करी, ही म्हण वसतिगृहाला तंतोतंत लागू पडते.

मेसचा हिशेब

वसतिगृहातील संघभावनेची खरी परीक्षा मेसमध्ये होते. अनेक ठिकाणी मेस विद्यार्थीच चालवतात. मेस सेक्रेटरी असतो, त्याच्या मदतीला तीन-चार जणांची समिती असते आणि महिन्याच्या अखेरीस एकूण खर्च जेवणाऱ्यांत वाटला जातो. समजा, साठ मुलांच्या मेसचा महिन्याचा खर्च १,३५,००० रुपये झाला. कोणी गावी गेले, कोणी सुट्टीवर होते, अशी रजा वजा जाता सर्वांचे मिळून जेवणाचे १,५०० दिवस भरले. म्हणजे एका दिवसाचा दर ९० रुपये पडला. पंचवीस दिवस जेवलेल्याचे बिल २,२५० रुपये, तर वीस दिवस जेवलेल्याचे १,८०० रुपये.

हे गणित सातवीतला मुलगाही सोडवील. पण त्यातला प्रत्येक आकडा कोणीतरी लिहिलेला असतो, आणि भांडणे होतात ती तेथेच. तेलाचे डबे किती आले, भाजी कोणत्या भावाने घेतली, रजा कोणाची मांडली आणि कोणाची राहिली, यावर मने दुखावतात. ज्या मेसमध्ये खरेदीला दर वेळी दोघे जातात, पावत्या वहीला चिकटवल्या जातात, साठ्याची नोंद तिसराच करतो आणि महिन्याचा हिशेब सूचना फलकावर लागतो, तेथे संशयाला जागा उरत नाही. यात सेक्रेटरीवर अविश्वास नसतो, उलट त्याचेच रक्षण असते. हिशेब उघडा असला की खोटा आळ घेणाऱ्याचे तोंड आपोआप बंद होते. समिती दर महिन्याला किंवा दोन महिन्यांनी बदलत राहिली तर आणखी एक लाभ होतो. काल जेवणाला नावे ठेवणारा आज पहाटे मंडईत पिशव्या घेऊन उभा राहतो, आणि मग त्याची तक्रारही अधिक जबाबदार होते.

कोल्हापूर ते सातारा

पाळीने काम आणि एका पंगतीत जेवण ही आज साधी वाटणारी गोष्ट आपल्या भागात सहजासहजी आलेली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. खेड्यातील मुलाला शहरात राहण्या-जेवण्याची सोय नसेल तर फीमाफीचा उपयोग नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग झाले, तर १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. त्या काळात एका समाजाच्या मुलाने दुसऱ्याच्या पंगतीला बसणे अवघड होते. म्हणून छपरे वेगवेगळी असली, तरी शिक्षणाचे दार सर्वांना उघडले.

याच कोल्हापुरात कुंभोजचा एक विद्यार्थी जैन बोर्डिंगमध्ये राहत होता. त्याचे नाव भाऊराव पाटील. मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढले, तेव्हा सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली आणली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

तेथील व्यवस्था कशी होती? स्वयंपाक, पाणी, झाडलोट, शेतीकाम ही सर्व कामे मुलेच पाळीने करीत. भाकरी थापणारा आज एका जातीचा, तर उद्या दुसऱ्या. खाणारे मात्र तेच. समतेवर प्रवचने देण्यापेक्षा ही पाळी अधिक परिणामकारक ठरली, कारण जो आज आपल्याला वाढतो त्याला उद्या कमी लेखता येत नाही. या वसतिगृहातील मुलांसाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. संस्थेच्या प्रमुखाच्या घरातूनच असा त्याग दिसला की मुलांना नेतृत्वाचा वेगळा धडा द्यावा लागत नाही. भाऊरावांची ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना पुढे महाविद्यालयांपर्यंत पोहोचली. आज आपण जिला टीमवर्क म्हणतो ती गोष्ट साताऱ्याच्या त्या चुलीपाशी रोज घडत होती.

सीनियर म्हणजे कोण?

वसतिगृहात गेल्यावर सर्वांत आधी भेटतो तो सीनियर. वसतिगृहाचे वळण त्याच्यावरून कळते. नव्या मुलाला ग्रंथालय कोठे आहे, कोणत्या विषयाला लवकर लागावे, दवाखाना कोणता चांगला, हे तोच सांगू शकतो. त्याच अधिकाराचा उपयोग नव्या मुलाला रात्री उठवून अपमानित करण्यासाठी केला तर ते रॅगिंग होते. ‘आम्हीही हे सोसले, आता तुम्ही सोसा’ ही परंपरा नव्हे, ती सासुरवासासारखी एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी कटुता आहे.

हा विषय थट्टेचा नाही. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात सीनियर विद्यार्थ्यांनी केलेल्या मारहाणीत पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी नियम देशभर लागू केले. महाराष्ट्रात तर १९९९ पासूनच यासंबंधी कायदा आहे. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. तो प्रत्येक पालकाने आणि विद्यार्थ्याने लिहून ठेवावा.

या नियमांत शिक्षेपलीकडचीही एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. प्रत्येक सहा नव्या विद्यार्थ्यांमागे स्वेच्छेने पुढे आलेला एक वरच्या वर्गाचा मार्गदर्शक विद्यार्थी असावा, आणि अशा सहा मार्गदर्शकांमागे त्याहून वरच्या वर्गाचा एक असावा, अशी ती रचना आहे. सहा हा आकडा आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. साठ मुलांकडे लक्ष ठेवणे कोणालाच जमत नाही. सहा मुलांपैकी एक दोन दिवस जेवायला आला नाही, तर ते लगेच लक्षात येते. सीनियरला सत्ता गाजवण्याऐवजी जबाबदारी सोपवली की त्याच्यातलेही चांगले ते वर येते.

आपलीच चौकडी

आपल्या मुलांना एक सूचना मुद्दाम करावीशी वाटते. परगावी गेल्यावर आपल्या गावचे, आपल्या भाषेचे सोबती शोधणे स्वाभाविक आहे. पहिल्या महिन्यात त्याचा आधारही वाटतो. पण वर्षभर तीच चौकडी राहिली तर वसतिगृहात तट पडतात आणि मेसच्या निवडणुकीपासून क्रिकेटच्या संघापर्यंत सगळीकडे ते दिसू लागतात. बेळगावच्या मुलाला मराठी येते, कानडी कळते, हिंदीही बोलता येते. दोन गटांमध्ये पूल व्हायला याहून चांगली तयारी कोणती? धारवाडच्या रूम पार्टनरला आईने दिलेल्या डब्यातला लाडू द्यावा आणि त्याच्या घरची शेंगाची चटणी मागून घ्यावी. मैत्रीची सुरुवात बहुधा अशीच होते.

आपण काय करावे?

पालकांनी वसतिगृह पाहायला जाताना खोलीबरोबर माणसेही पाहावीत. रेक्टर तेथेच राहतात का? रात्री मूल आजारी पडले तर कोण नेते? मेसचा हिशेब फलकावर लागतो का? पहिल्या वर्षाच्या मुलांची राहण्याची सोय वेगळी आहे का? हे चार प्रश्न निःसंकोच विचारावेत. शक्य झाल्यास तेथे राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याशी पाच मिनिटे बोलावे. मूल फोनवर गप्प गप्प वाटले तर ‘अभ्यास कर’ एवढेच सांगून फोन ठेवू नये, ‘आज कोणाबरोबर जेवलास?’ असे विचारावे. त्या एका उत्तरातून बरेच काही कळते.

विद्यार्थी मित्रहो, याची तयारी घरापासून आणि शाळेपासूनच होते. स्वतःचे ताट धुणे, अंथरूण आवरणे, कपडे वाळत घालणे, दहा रुपयांचाही हिशेब लिहिणे आणि चार जणांत आपली पाळी न चुकवणे, एवढे जमले की वसतिगृहात तुम्ही कोणाला जड होणार नाही.

विश्वस्त आणि शिक्षकांना आमची विनंती आहे की, स्नेहसंमेलन, सहल आणि क्रीडामहोत्सवाच्या हिशेबाची व नियोजनाची कामे शिक्षकांच्या देखरेखीखाली नववी-दहावीच्या मुलामुलींकडे पाळीने सोपवावीत. नेहमीच्या पाच हुशार मुलांनाच पुढे न करता मागच्या बाकावरच्यांनाही संधी द्यावी. सहलीची पावती वहीला चिकटवायला जो येथे शिकेल, तो उद्या कोणत्याही गावाच्या मेसमध्ये साठ जणांचा विश्वास सांभाळू शकेल.